प्रीएक्लॅम्पसिया: रक्तदाब वाढण्याच्या कित्येक आठवडे आधी सुरू होणारा आजार

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर, आधी रक्तदाबाचा त्रास नसलेल्या स्त्रीचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि त्याबरोबर लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंडे, मेंदू, रक्तातील प्लेटलेट यांपैकी कशावर तरी परिणाम दिसू लागला, तर त्या अवस्थेला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. त्यातूनच पुढे आकडी आली, म्हणजे झटके आले, तर त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात. जगभरात दर शंभर गरोदर स्त्रियांपैकी साधारण दोन ते आठ जणींना हा आजार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार मातामृत्यूंपैकी सुमारे १४ टक्के मृत्यू गरोदरपणातील रक्तदाबाच्या विकारांमुळे होतात, आणि थेट कारणांमध्ये रक्तस्रावाच्या खालोखाल त्यांचाच क्रमांक लागतो.

रक्तदाब वाढतो म्हणून आपण याला रक्तदाबाचा आजार समजतो. प्रत्यक्षात तो वारेचा आजार आहे. बाळाला आईच्या रक्तातून प्राणवायू आणि पोषण मिळवून देणारी ही वार पहिल्या काही आठवड्यांत नीट रुजली नाही, तर त्याचे परिणाम सातव्या-आठव्या महिन्यात आईच्या शरीरावर दिसतात. आजार सुरू होणे आणि दिसणे यांत कित्येक आठवड्यांचे, काही वेळा महिन्यांचे अंतर असते. गेल्या पन्नास वर्षांतले या विषयावरचे बहुतेक महत्त्वाचे संशोधन या अंतराचाच शोध घेत आले आहे, आणि हे अंतर लक्षात घेतले की इतर गुंतागुंतीच्या वाटणाऱ्या गोष्टी आपोआप सुटत जातात.

मूळ वारेतच आहे, हे कशावरून? याचा सर्वांत बोलका पुरावा द्राक्षगर्भात मिळतो. काही वेळा गर्भधारणेत चूक होऊन गर्भाशयात बाळ तयारच होत नाही, फक्त वारेच्या पेशींची द्राक्षांच्या घोसासारखी वाढ होते. अशा स्त्रीलाही प्रीएक्लॅम्पसिया होऊ शकतो, आणि तो विसाव्या आठवड्याच्या आधीही दिसू शकतो. म्हणजे आजारासाठी बाळ असण्याची गरज नाही, वार असली की पुरे. उलट बाजूने पाहिले तर वार शरीराबाहेर पडल्यानंतरच हा आजार ओसरू लागतो. प्रसूती हाच त्याचा आजवरचा एकमेव खरा इलाज राहिला आहे तो याच कारणाने.

आता ही वार रुजते म्हणजे काय होते, ते जरा जवळून पाहू. गर्भाशयाच्या भिंतीत मळसूत्रासारख्या वळणदार, अरुंद रोहिण्या असतात. त्यांच्या भिंतींत स्नायू असतात, त्यामुळे त्या आकसू शकतात आणि पाळीच्या चक्रात हे आकसणे उपयोगाचेही असते. गर्भ राहिल्यावर मात्र वारेच्या काही पेशी गर्भाशयाच्या भिंतीत खोलवर शिरतात, या रोहिण्यांच्या आतल्या अस्तराची जागा घेतात आणि त्यांच्या भिंतीतला स्नायू नाहीसा करतात. परक्या पेशींनी आईच्या रक्तवाहिन्या बदलून टाकण्याचे हे काम आईच्या रोगप्रतिकारक पेशींच्या संमतीने, किंबहुना त्यांच्या मदतीने चालते, ही मला शरीरशास्त्रातील सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक वाटते. विसाव्या आठवड्याच्या सुमारास काम पूर्ण झाले की त्या अरुंद रोहिण्यांची तोंडे रुंद आणि सैल झालेली असतात. दिवस भरत येतात तेव्हा गर्भाशयाला मिनिटाला साधारण ६०० ते ७०० मिलिलिटर रक्त मिळू लागते, आणि ते वारेत संथपणे पसरते.

प्रीएक्लॅम्पसियात, विशेषतः लवकर सुरू होणाऱ्या प्रकारात, हे काम अर्धवट राहते. पेशी पुरेशा खोल शिरत नाहीत, रोहिण्या अरुंदच राहतात. बागेत पाणी घालताना रबरी नळीच्या तोंडावर बोट धरले की पाणी कमी येते, पण जोराने उडते आणि वाफ्यातली माती उखडते, तसे या अरुंद तोंडांतून येणारे रक्त वारेच्या नाजूक फांद्यांवर आदळते. शिवाय प्रवाह कमी-जास्त होत राहतो आणि वारेला प्राणवायूचा ताण बसतो. इव्हो ब्रोसेन्स, विल्यम रॉबर्टसन आणि एच. जी. डिक्सन या संशोधकांनी १९६७ ते १९७२ या काळात गर्भाशयाच्या भिंतीचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोहिण्यांतील हा बदल आणि त्याचा अभाव दाखवून दिला.

पण वारेत काही बिघडले तर आईच्या मूत्रपिंडांना, यकृताला, मेंदूला इजा का व्हावी? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळायला २००३ साल उजाडले. बॉस्टनमधील मूत्रपिंडतज्ज्ञ अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रियांची वार एसएफएलटी-१ नावाचे एक प्रथिन प्रमाणाबाहेर तयार करून आईच्या रक्तात सोडते. आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला निरोगी राहण्यासाठी व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ ही दोन वाढद्रव्ये सतत लागतात. एसएफएलटी-१ हे प्रथिन रक्तात फिरता फिरता या दोघांना पकडून ठेवते, त्यामुळे ती अस्तरापर्यंत पोहोचत नाहीत. अस्तर उपाशी राहिले की रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. मूत्रपिंडातील गाळणी सैल होऊन लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून चेहऱ्यावर आणि हातांवर सूज येते, आणि मेंदूत तीच गत झाली की डोके दुखते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, झटके येतात. करुमंची यांच्या गटाने हे प्रथिन उंदरांच्या शरीरात वाढवून पाहिले तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढला, लघवीत प्रथिने आली, आणि गर्भ नसलेल्या माद्यांमध्येही हे घडले.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, या कथेला काळाचे परिमाण मिळाले. अमेरिकेत त्याआधी गरोदर स्त्रियांना कॅल्शियम देऊन प्रीएक्लॅम्पसिया टळतो का हे पाहणारी एक मोठी चाचणी झाली होती. तिचा निकाल नकारार्थी आला होता, पण त्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. तेच नमुने नव्याने तपासले गेले आणि असे दिसले की लक्षणे दिसण्याच्या सुमारे पाच आठवडे आधीपासून एसएफएलटी-१ चढू लागते, आणि पीएलजीएफ तर तेराव्या ते सोळाव्या आठवड्यापासूनच कमी असते. अयशस्वी ठरलेल्या चाचणीचे नमुने कोणीतरी फेकून दिले नाहीत म्हणून हे कळले, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

आनुवंशिकतेच्या अभ्यासानेही बोट वारेकडेच दाखवले. एसएफएलटी-१ ज्या जनुकातून तयार होते ते तेराव्या गुणसूत्रावर आहे, आणि ज्या गर्भात या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, त्या गर्भांच्या मातांमध्ये प्रीएक्लॅम्पसिया अधिक आढळतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात, आजार झालेल्या मातांच्या बाळांच्या जनुकांमध्ये याच जनुकाजवळ फरक सापडला. बाळाची निम्मी जनुके वडिलांकडून आलेली असतात. तेव्हा ‘तिच्याच अंगात दोष’ असे कोणी म्हणत असेल, तर त्याला शास्त्राचा आधार नाही.

हे सगळे समजल्याचा प्रत्यक्ष उपयोग काय झाला? पहिला उपयोग निदानात झाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रॉग्नोसिस नावाच्या अभ्यासात, आजाराचा संशय असलेल्या स्त्रियांच्या रक्तातील एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ यांचे गुणोत्तर मोजले गेले. ते ३८ किंवा त्याहून कमी असेल, तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्पसिया होणार नाही असे ९९.३ टक्के खात्रीने सांगता येते, असे त्यात दिसले. ही चाचणी ‘नाही’ म्हणण्यात पक्की आहे. ‘होय’ म्हणण्यात ती तितकी भरवशाची नाही, कारण गुणोत्तर जास्त आलेल्या अनेकींना पुढचे चार आठवडे काही झाले नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधील अकरा प्रसूतिकेंद्रांत झालेल्या चाचणीत पीएलजीएफ मोजल्यामुळे निदानाला लागणारा वेळ ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला, आणि मातांमधील गंभीर गुंतागुंतही कमी झाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा तपासणीला मे २०२३ मध्ये मान्यता दिली.

दुसरा उपयोग प्रतिबंधात झाला, आणि तो माझ्या मते अधिक मोलाचा आहे. कमी मात्रेचे अ‍ॅस्पिरिन उपयोगी पडेल का, हा प्रश्न जुना आहे. १९९४ मध्ये क्लास्प नावाच्या चाचणीत नऊ हजारांहून अधिक स्त्रियांना ६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी देण्यात आली, आणि फरक इतका किरकोळ दिसला की बऱ्याच डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिनचा नाद सोडला. परंतु त्या चाचणीतील पुष्कळ स्त्रियांना गोळी उशिरा सुरू झाली होती आणि मात्राही कमी होती. वार रुजण्याचे काम विसाव्या आठवड्यापर्यंत आटोपते हे लक्षात घेतले, तर त्यानंतर सुरू केलेल्या गोळीने फार काही साधणार नाही, हे उघड आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील किप्रोस निकोलाइडिस यांच्या गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अ‍ॅस्प्रे चाचणीत म्हणूनच वेगळी रीत वापरली. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात स्त्रीचा पूर्वेतिहास, रक्तदाब, गर्भाशयाच्या रोहिणीची डॉप्लर सोनोग्राफी आणि रक्तातील दोन घटक यांवरून धोका मोजला, आणि ज्यांचा धोका जास्त होता अशा १,७७६ स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन ३६व्या आठवड्यापर्यंत दिले. सदतीसाव्या आठवड्याआधी प्रसूती करावी लागेल असा प्रीएक्लॅम्पसिया औषध नसलेल्या गोळीच्या गटात ४.३ टक्के स्त्रियांना झाला, तर अ‍ॅस्पिरिनच्या गटात १.६ टक्क्यांना. दिवस भरल्यावर होणाऱ्या प्रकारावर मात्र परिणाम दिसला नाही, आणि त्यामुळे हे दोन प्रकार मुळातून काहीसे वेगळे असावेत या मताला बळ मिळाले. ही गोळी स्वतःच्या मनाने घेण्याची नाही, पण पूर्वी प्रीएक्लॅम्पसिया झालेला असेल, आधीपासून रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा ल्यूपस (रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) असेल, जुळी असतील, तर बाराव्या आठवड्याच्या आसपासच डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारले पाहिजे. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा नाव नोंदवणारीची ही संधी बहुतांशी निघून गेलेली असते.

कॅल्शियमचेही असेच आहे. वर सांगितलेल्या अमेरिकी चाचणीत ते निरुपयोगी ठरले, कारण तिथल्या स्त्रियांच्या आहारात ते पुरेसे होते. जिथे आहारात कॅल्शियम कमी असते तिथे ते धोका कमी करते, आणि म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने अशा ठिकाणी रोज १.५ ते २ ग्रॅम देण्याची शिफारस केली. इतक्या गोळ्या रोज गिळणे कोणालाही जड जाते. बंगळुरू आणि टांझानियात प्रत्येकी अकरा हजार स्त्रियांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ५०० मिलिग्रॅमची मात्रा प्रीएक्लॅम्पसियाच्या बाबतीत १,५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी पडली नाही. आपल्याकडे सरकारी केंद्रांतून चौदाव्या आठवड्यापासून दिवसाला दोन गोळ्या मिळतात त्या याच कॅल्शियमच्या, आणि त्या पिशवीत पडून राहू नयेत. याउलट मीठ बंद करणे, घरी सक्तीने पडून राहणे, ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेणे यांनी हा आजार टळत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टपणे सांगितलेले आहे.

आजार झाल्यावरच्या उपचारांत महाराष्ट्राचा खरा वाटा आहे, आणि तो इथे फारसा कोणाला ठाऊक नाही याचे वाईट वाटते. रक्तदाब १६०/११० च्या वर गेला की तो तातडीने उतरवावा लागतो, नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. शिरेतून द्यायची औषधे आणि त्यासाठीची देखरेख सगळीकडे नसते. मग तोंडाने घ्यायच्या तीन स्वस्त गोळ्यांपैकी कोणती चांगली? नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय या दोन ठिकाणी ८९४ स्त्रियांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने या प्रश्नाला उत्तर दिले. सहा तासांत, काही अपाय न होता, रक्तदाब आटोक्यात येण्याचे प्रमाण निफेडिपिनने ८४ टक्के, लॅबेटॅलॉलने ७७ टक्के आणि मेथिलडोपाने ७६ टक्के होते. तिन्ही गोळ्या कामाच्या आहेत आणि हाताशी जी असेल ती वापरता येते, हा निष्कर्ष जगभरच्या लहान रुग्णालयांना उपयोगी पडला. त्याआधी नागपुरातच ६०२ स्त्रियांवर, रक्तदाब वाढलेल्या गरोदर स्त्रीला कळा आणण्यासाठी कोणती पद्धत बरी याची चाचणी झाली होती. त्यात फुग्याच्या नळीपेक्षा मिसोप्रोस्टॉलच्या गोळीने अधिक स्त्रियांची चोवीस तासांत नैसर्गिक प्रसूती झाली.

झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट हे औषध विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून वापरात होते, तरीही काही देशांत डायझेपाम, काही ठिकाणी फेनिटॉइन दिले जाई आणि प्रत्येकाला आपलेच औषध योग्य वाटे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह अनेक देशांतील १,६८७ स्त्रियांच्या चाचणीने वाद मिटवला. पुन्हा झटका येण्याचे प्रमाण मॅग्नेशियमने डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी, तर फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्क्यांनी कमी झाले. २००२ मध्ये ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील मॅगपाय चाचणीत, प्रीएक्लॅम्पसिया असलेल्यांना हे औषध आधीच दिले तर पहिला झटका येण्याचा धोका ५८ टक्क्यांनी कमी होतो असे दिसले. औषध स्वस्त आहे, पण त्यावर नजर ठेवावी लागते. दर वेळी पुढची मात्रा देण्यापूर्वी परिचारिका गुडघ्यावर हलकेच ठोकून पाय उडतो का पाहते, श्वास मिनिटाला सोळा तरी आहेत का मोजते आणि लघवी पुरेशी होते आहे का बघते, कारण मॅग्नेशियम मूत्रपिंडांतून बाहेर पडते आणि साठले तर श्वास मंदावतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन जवळ ठेवलेले असते. उपकेंद्रातील एएनएमताईंनाही, रुग्णालयात पाठवण्यापूर्वी दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅमची पहिली मात्रा देण्याची मुभा आणि प्रशिक्षण आहे. वाटेत झटका येऊ नये यासाठी ही पहिली मात्रा फार महत्त्वाची असते.

वारेवरच इलाज करणारे औषध मात्र अजून हाती आलेले नाही. प्राव्हास्टॅटिन आणि इसोमेप्राझोल यांनी प्रयोगशाळेत आशा दाखवली, पण स्त्रियांवरील चाचण्यांत ती टिकली नाही. रक्तातून एसएफएलटी-१ गाळून काढण्याचे प्रयोग २०११ पासून मोजक्या स्त्रियांवर झाले आहेत. वारेतच ते प्रथिन कमी तयार व्हावे यासाठी आरएनएचे लहान तुकडे वापरण्याची पद्धत बबून माकडांवर यशस्वी झाल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे यशस्वी झाले तर अठ्ठाविसाव्या आठवड्यात आजार झालेल्या स्त्रीचे गरोदरपण आणखी काही आठवडे सुरक्षितपणे लांबवता येईल, आणि इतक्या लहान बाळासाठी दोन आठवडेही फार असतात.

तोवर भिस्त आहे ती रक्तदाब मोजण्यावर. बेळगाव आणि बागलकोट या जिल्ह्यांत, तसेच पाकिस्तान व मोझांबिकमध्ये, आरोग्यसेविकांनी घरी जाऊन रक्तदाब मोजून धोका ओळखण्याची मोठी चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला तेव्हा माता-बाळांचे मृत्यू आणि गंभीर आजार एकूणात कमी झालेले नव्हते. मोजण्याचा फायदा नाही असा याचा अर्थ मी लावत नाही. धोका ओळखल्यावर पोहोचायच्या रुग्णालयात डॉक्टर, रक्त आणि औषध नसेल तर नुसत्या ओळखण्याने जीव वाचत नाही, असा त्याचा अर्थ आहे.

मोजणेही नीट व्हायला हवे. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, न बोलता, दंडाला साजेशा पट्ट्याने मोजलेला आकडाच धरायचा. आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, नेमक्या त्याच काळात हा आजार डोके वर काढतो, आणि आधीचे रक्तदाबाचे आकडे सासरच्या गावी राहिलेले असतात. सुरुवातीला ११०/७० असलेला रक्तदाब आता १३८/८८ झाला आहे, हे नव्या डॉक्टरांना कळायचे तर माता व बाल संरक्षण कार्ड आणि सगळे कागद तिच्यासोबत गेले पाहिजेत. ‘पहिलटकरणीचे पाय सुजतातच’ हे बऱ्याचदा खरे असते, पण चेहरा आणि बोटे अचानक सुजणे, न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणे, आणि पित्त समजून अंगावर काढलेली बरगड्यांखालची दुखणी यांसाठी त्याच दिवशी रक्तदाब पाहायला हवा. ते दुखणे यकृताचे असू शकते.

बाळंतपण झाले म्हणजे धोका लगेच संपत नाही. वार बाहेर पडल्यावर शरीर सावरायला वेळ घेते, आणि रक्तदाब बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत जास्त चढतो, म्हणजे बाळंतीण घरी आल्यानंतर. तेव्हाची डोकेदुखी जागरणावर किंवा कानात वारा गेल्यावर ढकलली जाते. पहिल्यांदाच बाळंतपणानंतर प्रीएक्लॅम्पसिया दिसणाऱ्या स्त्रियाही असतात, म्हणून सहा आठवड्यांपर्यंत ही शक्यता डोक्यात ठेवावी लागते. आणि त्यापुढेही या स्त्रियांना उतारवयात उच्च रक्तदाब होण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट-चौपट, तर हृदयविकार आणि पक्षाघाताची सुमारे दुप्पट असते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात दिसले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ पासून प्रीएक्लॅम्पसियाचा इतिहास हृदयविकाराच्या धोक्यांत मोजायला सुरुवात केली. त्यामुळे बाळंतपणाच्या वेळचा डिस्चार्जचा कागद जपून ठेवावा, पुढच्या खेपेस तो पहिल्याच तपासणीला दाखवावा, आणि चाळिशीत छातीत दुखते म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या स्त्रीने वीस वर्षांपूर्वीच्या त्या रक्तदाबाची गोष्ट त्यांनी विचारली नाही तरी सांगावी.